मॅडमच्या जुन्या पेशी

पीएचडीला इतकी वर्षं का लागली असं कुणी विचारलं, तर मी एका शब्दात उत्तर देते. मॅडम. नाशकात आमच्या विषयातल्या लोकांना तेवढं पुरतं. ते सहानुभूतीने मान हलवतात आणि चहा मागवतात. बाकीच्यांना मात्र सगळं सांगावं लागतं, आणि सांगायला लागले की अजूनही माझं डोकं तापतं.

मॅडम माझ्या गाइड. उंचीला पाच फूटही नसतील. सुती साडी, खाली शाळेतल्या मुलांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःचा खडू. कॉलेजचा खडू अर्ध्या ओळीत मोडतो आणि त्याबरोबर विचारही मोडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या मूळच्या मनमाडच्या. वडील रेल्वेत गार्ड, लहानपण सगळं क्वार्टरमध्ये गेलेलं. घरातली कामं गाड्यांच्या वेळेवर चालायची, आणि गाड्या तेव्हा वेळेवर धावायच्या असं त्या सांगायच्या. ते खरं असेल-नसेल, पण त्याची शिक्षा आम्ही भोगली. ‘साडेदहाच्या सुमारास’ असं कुणी म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, सुमार साडेदहाच्या अलीकडचा की पलीकडचा?

मी निफाडहून यायचे. पहिल्याच आठवड्यात वीस मिनिटं उशिरा पोचले आणि द्वारका चौकात गाड्या अडकल्या होत्या असं सांगितलं. त्यांनी विचारलं, द्वारका काल तिथेच होती का? मी म्हटलं, होती. उद्या असेल का? असेल. मग म्हणाल्या, “याला कारण म्हणत नाहीत, परिस्थिती म्हणतात. परिस्थिती धरून घरातून निघायचं.” दुसऱ्या दिवसापासून मी एक बस आधीची धरली. आईने त्या बाईचं नाव न घेता जे काही म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

वास्तविक बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. कुणावर ओरडल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्या फक्त विचारायच्या. एकदा प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये मी डबा ठेवला. तिथे खायचं ठेवायचं नसतं हे मला माहीत होतं, पण मे महिना होता आणि डब्यात आईने दिलेल्या पुरणपोळ्या होत्या. दुपारी पाहते तर डबा कचऱ्यात. मी विचारलं तर म्हणाल्या, वर काही लिहिलेलं नव्हतं, आत काय आहे ते कसं कळणार? मी म्हटलं, मॅडम, पुरणाचा वास येत होता. त्या म्हणाल्या, वास हा पुरावा नव्हे. त्यांच्या स्वतःच्या डब्यावर, जो त्या बाहेर टेबलावर ठेवायच्या, चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर लिहिलेलं असायचं: मेथी, मंगळवार.

अशा बाईकडे मी का राहिले? त्याला एक तास कारणीभूत आहे. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला त्या आम्हाला रोगप्रतिकारशास्त्र शिकवायच्या. रोगजंतूंना पकडणारी जी अँटिबॉडी, तिचं जनुक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं. कातडीच्या पेशीत ते गप्प असतं आणि रक्तातल्या बी पेशीत मात्र धो धो काम करतं. (इथे मॅडम मला थांबवतील आणि म्हणतील, बी पेशीत त्या जनुकाच्या तुकड्यांची आधी जुळणी होते, ते सांग. सांगितलं.) तर हा फरक कशाने पडतो? त्या जनुकापासून बऱ्याच लांब डीएनएचे काही छोटे तुकडे असतात, त्यांना एन्हान्सर म्हणतात. ते स्वतः काही बनवत नाहीत. योग्य पेशीत, योग्य वेळी जनुकाला जोर देणं एवढंच त्यांचं काम. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, इतक्या लांबून जोर कसा देतात?

मॅडमनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “साडी दुकानात मीटरवर मोजली तर निऱ्यांची जागा आणि पदराचं टोक यांच्यात किती अंतर असतं?” मुलांना काय माहीत. मी म्हटलं, तीन-चार मीटर तरी. त्यांनी खांद्यावरून पाठीमागे गेलेला पदर पुढे घेतला आणि निऱ्यांशेजारी कमरेला खोचला. “आता किती?” वर्गात कुणी हसलं नाही. त्या तशाच पदर खोचून उरलेला तास शिकवत राहिल्या. डीएनए पेशीत सरळ पसरलेला नसतो, नेसलेला असतो, हे मला त्या दिवशी जे कळलं ते पुन्हा कधी विसरले नाही. महिनाभराने मी त्यांच्याकडे पीएचडीसाठी अर्ज दिला. ती माझी चूक होती असं मी पुढे निदान दोनशे वेळा म्हटलं असेल.

त्यांचा दोन शब्दांचा एक मंत्र होता. ‘पुन्हा कर.’ निकाल चांगला आला की पुन्हा कर, वाईट आला की पुन्हा कर. प्रत्येक प्रयोगाला तुलनेचा नमुना हवा, म्हणजे ज्याला काहीच केलेलं नाही असा. हा आग्रह फक्त प्रयोगशाळेपुरता असता तर हरकत नव्हती. माझ्या बहिणीच्या लग्नाला त्या निफाडला आल्या. जेवण झाल्यावर वडील त्यांना कौतुकाने द्राक्षांची बाग दाखवायला घेऊन गेले. वेलींवर डावणीची बुरशी येऊ नये म्हणून कोणती फवारणी करतो, ते सांगत होते. मॅडमनी विचारलं, फवारणी न केलेली एखादी ओळ ठेवता का? वडील म्हणाले, न्हाई बा, कशाला? मॅडम म्हणाल्या, मग फवारणीमुळे डावणी आली नाही की ती यंदा येणारच नव्हती, हे तुम्हाला कसं कळलं?

पुढच्या छाटणीनंतर माझ्या वडिलांनी खरोखर एक ओळ सोडली. पानांमागे पांढरी बुरशी धरली, ती ओळ तर गेलीच, शेजारच्या दोन ओळींनाही लागण झाली. आई आठवडाभर बोलली नाही. वडील मात्र येईल त्या पाहुण्याला ती ओळ नेऊन दाखवायचे. “बाई लय हुशार हाय,” ते म्हणायचे. “आता मला ठाऊक झालं, औषध काम करतं.” मी कपाळाला हात लावला.

आता मूळ गोष्ट.

मॅडमच्या नावावर एक मोठा पेपर होता. एकच. कॉलेजात येण्याआधी, तरुणपणी, त्या एका मोठ्या संस्थेत होत्या, तेव्हाचा. बी पेशींपासून वाढवलेल्या पेशींमध्ये त्यांना अशा काही पेशी सापडल्या होत्या, ज्यांच्यातला एन्हान्सरचा एक तुकडा आपोआप गळून पडला होता. त्या पेशी अँटिबॉडी अजिबात बनवत नव्हत्या. शून्य. म्हणजे तो एक तुकडा गेला की सगळंच गेलं, तोच सगळ्यांचा मालक, असा त्या पेपरचा निष्कर्ष. जगभर तो वाचला गेला. आमच्या कॉलेजने त्याचं पहिलं पान फ्रेम करून जिन्यात लावलं होतं. पाहुणे आले की प्राचार्य त्यांना आधी तिथे थांबवायचे.

त्या जुन्या पेशी अजून होत्या. द्रव नायट्रोजनच्या टाकीत, गोठवलेल्या. ती टाकी भरायला जो माणूस यायचा तोच पुढे निफाड-सिन्नरकडे जनावरांच्या डॉक्टरांना कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजन द्यायचा, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या जोडीने जर्सी गायींच्या बातम्याही यायच्या. टाकीतल्या सगळ्यात खालच्या डब्यात मॅडमच्या अक्षरातल्या सहा छोट्या नळ्या होत्या. त्यांना हात लावायचा नाही, हा प्रयोगशाळेतला असा एकमेव नियम होता, ज्याचं कारण विचारायची परवानगी नव्हती.

माझं काम सोपं दिसत होतं. आता डीएनए हवा तिथे कापता येतो. चांगल्या पेशी घ्यायच्या, तोच तुकडा मुद्दाम कापून काढायचा, अँटिबॉडी शून्य होते ते दाखवायचं, आणि मग तो तुकडा हे कसं करतो याचा शोध घ्यायचा. पहिलं प्रकरण नुसतं मॅडमच्या पेपरला दुजोरा. सहा महिन्यांत संपेल असं वाटलं होतं.

मी तुकडा कापला. अँटिबॉडी कमी झाली. बरीच कमी झाली. पण शून्य झाली नाही.

मॅडम म्हणाल्या, तुझं कापणं अर्धवट आहे, पुन्हा कर. केलं. कापल्याची खात्री दोन वेगळ्या पद्धतींनी करून दाखवली. पुन्हा तेच. मग म्हणाल्या, पेशींची भेसळ असेल, एकेका पेशीपासून वेगळ्या वाढव. वाढवल्या. एका पेशीपासून लाख पेशी व्हायला आठवडे लागतात. मध्ये एकदा दोन दिवस वीज नव्हती आणि जनरेटरने दगा दिला, सगळं मेलं, पुन्हा पहिल्यापासून. नऊ वेगळ्या वाढी झाल्या. नऊच्या नऊ तेच सांगत होत्या: जनुकाचा आवाज उतरतो, बंद होत नाही.

याला सव्वा वर्ष गेलं. माझ्या मैत्रिणींची लग्नं झाली, एकीचं मूल चालायला लागलं. आणि जी बाई माझ्या वडिलांना तुलनेची ओळ ठेवायला लावते, तिला एवढंसं सुचत नव्हतं की चूक दुसऱ्या बाजूलाही असू शकते. एकदा मी हिंमत करून म्हटलं, मॅडम, त्या जुन्या पेशी एकदा तपासून बघू या का? आता जनुक पूर्ण वाचून मिळतं, तेव्हा मिळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “त्या तपासलेल्या आहेत. तू तुझ्या तपास.”

दिवाळीनंतर मॅडम चार दिवस बहिणीकडे मनमाडला गेल्या. पहिल्याच दिवशी मी टाकी उघडली.

मोठ्या धैर्याने वगैरे उघडली नाही. रागाने उघडली. हातमोजे घातले, खालचा डबा वर ओढला, सहातली एक नळी काढली आणि कोमट पाण्यात धरली. इतक्या वर्षांनी त्या पेशी जगतील असं वाटलं नव्हतं, पण जगल्या. मॅडमनी गोठवलेल्या होत्या ना. पंधरवड्यात पुरेशा वाढल्या. वाढवताना मी बाटलीवर माझ्याच दुसऱ्या प्रयोगाचं नाव लिहिलं होतं. मग मी दोन गोष्टी केल्या. गळलेला तुकडा त्या पेशींत परत घातला. तोच एकटा मालक असेल तर अँटिबॉडी परत यायला हवी. आली नाही. आणि त्यांचं अँटिबॉडीचं जनुक वाचून घ्यायला बाहेर पाठवलं. उत्तर इमेलने आलं. जनुकाच्या सुरुवातीलाच, जिथून ते वाचायला घेतलं जातं तिथेच, एक छोटी मोडतोड होती. इतकी छोटी की जुन्या पद्धतींना दिसणं शक्य नव्हतं. पण तिच्यामुळे ते जनुक एन्हान्सर असता तरी गप्पच बसलं असतं. मॅडमच्या पेशींत दोन गोष्टी बिघडल्या होत्या, आणि त्यांनी सगळा दोष एकीला दिला होता.

मी जिंकले होते. सव्वा वर्षाची बरोबरी झाली होती. ते उत्तर वाचून मी जिन्यात जाऊन त्या फ्रेमसमोर उभी राहिले, आणि मला आनंद झाला नाही.

कारण मग मी हिशेब मांडला. मॅडमच्या निवृत्तीला आठ महिने होते. कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची होती. पुण्याच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती, प्रबंध वेळेत जमा झाला तर. आणि माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या पेपरच्या खांद्यावर उभं होतं. माझी नऊ निरीक्षणं ‘थोडा फरक’ म्हणून एका परिच्छेदात ढकलता आली असती. कुणाला काही कळलं नसतं. त्या पेशींत काय आहे हे फक्त मला माहीत होतं.

सतरा दिवस मी गप्प राहिले. रोज प्रयोगशाळेत जायचे, मॅडमशी बोलायचे, त्यांच्या ‘पुन्हा कर’ला हो म्हणायचे. घरी जेवण जात नव्हतं. आईला वाटलं माझं कुठे जमलंय. अठराव्या दिवशी सकाळी, का कोण जाणे, मी थेट त्यांच्या टेबलापाशी गेले आणि कागद पुढे ठेवले.

त्यांनी वाचायला बराच वेळ घेतला. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मला वाटलं आता टाकीचा विषय निघेल. निघाला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “हे तुला कधी कळलं?”

“आजच,” मी म्हटलं.

त्यांनी वहीत तारीख लिहिली. मग कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, उरलेल्या पाच नळ्यांतल्या आणखी तीन काढ. पुन्हा कर.

मी खरंच सांगते, त्या क्षणी माझ्या हातात काही जड असतं तर फेकलं असतं. पण केलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच आलं. तिसऱ्या निकालाच्या दिवशी दुपारी मॅडमनी प्राचार्यांना जाऊन सांगितलं की त्या तो पेपर मागे घेणार आहेत.

प्राचार्यांनी त्यांना समजावलं, चिडले, हात जोडले. निकाल खोटा नव्हता, त्या काळच्या साधनांनी जे दिसलं तेच लिहिलं होतं, मग एवढी घाई कशाला? समिती येऊन जाऊ दे. मॅडम म्हणाल्या, समिती कशी आहे ते मला माहीत नाही, पेपर चुकीचा आहे हे मला माहीत आहे. शेवटी प्राचार्यांनी मला बोलावलं. तुझं ऐकतील, म्हणाले. सहा महिने थांबा एवढंच सांग.

आणि मी गेले. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. ज्या मुलीने टाकी उघडली तीच मुलगी संध्याकाळी इंदिरानगरला मॅडमच्या घरी, चूक झाकून ठेवा म्हणून सांगायला गेली.

त्या जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत होत्या. मला समोर बसवलं आणि अर्धी जुडी पुढे ढकलली. मी पानं खुडत खुडत समितीचं सांगितलं, पुण्याच्या नोकरीचं सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी मी म्हटलं, “मॅडम, माझं पहिलं प्रकरण या पेपरवर उभं आहे.”

“मग ते उभं नाहीये,” त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मेथीकडे बघतच म्हणाल्या, “हा पेपर वाचून आत्ता कुठेतरी कुणीतरी तुझ्यासारखंच पेशी वाढवत बसलं असेल. शून्य येत नाही म्हणून त्याचे गाइड त्याला पुन्हा कर म्हणत असतील. मी तुझं सव्वा वर्ष घेतलं. ते मला परत देता येत नाही. निदान त्याचं वाचू दे.”

एवढ्या वर्षांत त्यांनी मागितलेली माफी म्हणता येईल अशी ही एकच गोष्ट, आणि तीही त्यांनी माझी न मागता कुठल्या तरी अनोळखी पोराची मागितली. उठताना मला निवडलेली मेथी पिशवीत घालून दिली. पिशवीवर वार लिहिला होता.

पेपर मागे घेतला गेला. जिन्यातली फ्रेम शिपायाने उतरवली आणि तिथे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. समिती आली, त्यांनी चौकोनाबद्दल काही विचारलं नाही. मॅडमचा निरोप समारंभ अर्ध्या तासात उरकला, शाल आणि नारळ, प्राचार्य दोन वाक्यं बोलून मीटिंगला गेले. मॅडमना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. आभाराचं भाषण करायला उठल्या तेव्हा घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चार मिनिटं बोलल्या.

पुण्याची नोकरी गेली. पहिलं प्रकरण फाडून नव्याने लिहिलं. आता त्यात असं आहे की तो तुकडा एकटा मालक नाही. त्या जनुकाला जोर देणारे दोन-तीन तुकडे आहेत, ते भार वाटून घेतात. एक काढला तर जनुकाचा आवाज उतरतो, पण बाकीचे सावरून धरतात. अंगाने छोटा निकाल आहे, पण आजवर कुणाला खोडता आलेला नाही. निवृत्तीनंतरही मॅडम शेवटपर्यंत माझ्या गाइड राहिल्या आणि प्रबंध सात वेळा परत पाठवला. सातव्यांदा एका स्वल्पविरामासाठी. डिग्री दीड वर्षाने मिळाली. मी आता अंबडला, रक्ततपासणीचे किट बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. माझ्या हाताखालची मुलं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि त्याला जबाबदार कोण तेही.

मागे घेण्याचं ते पत्र छापून आलं तेव्हा मी वाचलंच नव्हतं. राग होता. डिग्री मिळाल्यावर एका दुपारी वाचलं. आठ ओळींचं होतं. चूक काय, कशी झाली, पहिल्या चार ओळींत. पाचवीत माझं पूर्ण नाव, आणि असं की ही चूक या विद्यार्थिनीने शोधली, माझ्या सूचनेविरुद्ध जाऊन शोधली, आणि ज्या दिवशी तिला कळली त्याच दिवशी मला सांगितली.

त्याच दिवशी. ज्या बाईने आयुष्यभर ‘सुमारास’ हा शब्द खपवून घेतला नाही, तिच्या शेवटच्या छापील मजकुरात एक खोटं वाक्य होतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

दोन आठवडे मी ते घेऊन फिरले. मग एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सांगून टाकलं. मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला सतरा दिवस आधी कळलं होतं.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “जनुकं वाचून देणाऱ्या लोकांकडे खातं माझ्या नावावर होतं. प्रत्येक रिपोर्ट मलाही यायचा. मी तो त्याच दिवशी वाचला होता. बाटलीवर नाव काहीही असो, माझ्या पेशींचं जनुक मी ओळखते.”

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणाल्या. मग कळलं. मी विचारलं, मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत? मी सांगते की नाही ते बघत होता का?

त्यांनी कप खाली ठेवला. “तसं म्हणता आलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण तसं नव्हतं. रोज सकाळी वाटायचं, ही आज सांगेल. तू सांगायची नाहीस, आणि मला बरं वाटायचं.”

खालून भाजीवाल्याची गाडी गेली. मी म्हटलं, मग पत्रातलं ते वाक्य?

“चुकीचं आहे. तुला खटकत असेल तर दुरुस्ती पाठव, पत्ता देते. पण पाठवलीस तर त्यात दोन्ही नावं घाल. ते सतरा दिवस तुझ्या एकटीचे नव्हते.”

त्यांनी उठून खरोखर कागदावर पत्ता लिहून दिला, वर तारीख घालून. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दुरुस्ती मी अजून पाठवलेली नाही. त्यांनीही नाही.